प्लेयरमध्ये गाणी भरायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? संग्रह १८० जीबी, टॅग देवनागरी

पेटीवाला

मंडळी, संगणकावरची गाणी खिशातल्या प्लेयरमध्ये भरायला एकच सॉफ्टवेअर पक्कं करायचंय. 'मोबाइलवरच ऐका ना' हा सल्ला नको, त्याचे धागे ढिगाने आहेत.

सामान असं: विंडोज ११ चा लॅपटॉप. संग्रह १८० जीबी, त्यात १२० जीबी फ्लॅक (दर्जा न घटवता, म्हणजे लॉसलेस, सीडींवरून उतरवलेलं) आणि ६० जीबी एमपीथ्री. भावगीतं, नाट्यपदं, अभंग आणि पुष्कळ शास्त्रीय. टॅग आणि फाइलींची नावं बहुतेक देवनागरीत. प्लेयर साधा, बटणांचा, अँड्रॉइड नसलेला. आतली मेमरी १६ जीबी आणि मायक्रोएसडीची खाच. केबलने जोडला की ड्राइव्हचं अक्षर येत नाही, नुसतं प्लेयरचं नाव दिसतं.

आत्ता विंडोज मीडिया प्लेयरच्या सिंकने भरतो. तक्रारी:
- काही गाण्यांची नावं प्लेयरवर नुसती प्रश्नचिन्हं
- एका नाटकाच्या १४ पदांचे सात वेगळे अल्बम
- प्लेलिस्ट जाते, पण उघडली की रिकामी
- भरायला तासन् तास, आणि मधे केबल हलली की पहिल्यापासून

हवं असलेलं: फ्लॅकचं जाता जाता एमपीथ्री व्हावं, पुढच्या वेळी फक्त नवीन गाणी जावीत, प्लेलिस्ट चालाव्यात. म्युझिकबी, मीडियामंकी, फूबार २००० ही नावं ऐकून आहे. कुठलं?

---

खटपट्या

सॉफ्टवेअर नंतर. आधी प्लेयर संगणकाशी कुठल्या भाषेत बोलतो ते बघा, कारण अर्धी सॉफ्टवेअरं तिथेच बाद होतात.

ड्राइव्हचं अक्षर येत नाही म्हणजे तुमचा प्लेयर एमटीपीवर आहे. यात संगणकाला डिस्क दिसतच नाही. 'ही फाइल घे' असं तो प्लेयरला सांगतो आणि प्लेयर ती स्वतः आत ठेवतो. एका वेळी एकच काम चालतं. केबल हलली तर अर्धी किंवा शून्य बाइटची फाइल मागे राहते, आणि बऱ्याच प्लेयरांत फाइलीची मूळ तारीखही टिकत नाही. मग तारीख बघून 'नवीन कुठली' ठरवणारं सॉफ्टवेअर दर वेळी सगळंच पुन्हा पाठवतं. तुमचे तासन् तास इथे जातायत.

दुसरा प्रकार मास स्टोरेज. प्लेयर पेन ड्राइव्हसारखा दिसतो, अक्षर येतं, कुठलंही सॉफ्टवेअर चालतं. पुष्कळ प्लेयरांच्या सेटिंग्जमध्ये 'यूएसबी मोड' असतो: ऑटो, एमटीपी, एमएससी. एमएससी म्हणजेच मास स्टोरेज, ते निवडा. फक्त आधी आतली मेमरी रिकामी करा. काही जुन्या प्लेयरांत एका मोडमध्ये भरलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये संगणकाला दिसत नाहीत, जागा मात्र अडवून बसतात.

तिसरा प्रकार आयपॉड. त्याची तऱ्हाच निराळी, तुम्हाला लागू नाही.

एमएससी नसेल तर सरळ मार्ग: कार्ड बाहेर काढा, रीडरमध्ये घाला, तिथे भरा. साध्या यूएसबी ३ रीडरवर सेकंदाला २० मेगाबाइट धरले तरी, फ्लॅकचं एमपीथ्री झाल्यावर उरतील ते अंदाजे ९५ जीबी सव्वा-दीड तासात जातात. तेच एमटीपीवर सेकंदाला ५ मेगाबाइटने गेले तर सव्वापाच तास. आतली १६ जीबी मोकळीच ठेवा, किंवा कधी न बदलणारी गाणी तिथे टाका आणि विसरून जा.

---

चालढकल

खटपट्यांशी सहमत, कार्ड रीडरमध्येच भरा. सॉफ्टवेअर म्हणाल तर म्युझिकबी. फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं, आणि तुमच्या तिन्ही गरजा एका छताखाली भागतात.

कार्ड लावल्यावर ते डावीकडे डिव्हाइस म्हणून दिसतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये एवढं बघा:

फोल्डरची मांडणी: आधी अल्बम आर्टिस्ट, त्यात अल्बम, त्यात ट्रॅक नंबर आणि नाव. नंबर दोन आकडी ठेवा, नाहीतर १० नंबरचं गाणं २ च्या आधी वाजतं.

रूपांतर: फक्त लॉसलेस फाइली बदला, बाकीच्या आहेत तशा पाठवा. एमपीथ्रीचं पुन्हा एमपीथ्री कधीच करू नका, दर्जा दोनदा घसरतो आणि जागा फारशी वाचत नाही. एन्कोडर सापडत नाही म्हणाला तर लेमची (एमपीथ्री बनवणाऱ्या एन्कोडरची) फाइल उतरवून म्युझिकबीच्या 'कोडेक' फोल्डरमध्ये टाका.

प्लेलिस्ट: कुठल्या फोल्डरात जायची आणि कुठल्या प्रकारात ते इथेच ठरतं. एमथ्रीयू८ निवडा.

'निवडीत नसलेल्या फाइली डिव्हाइसवरून काढा' असा पर्याय आहे. पहिल्या सिंकला तो बंद ठेवा. कार्डावर आधीपासून हातानं टाकलेलं काही असेल तर म्युझिकबीच्या लेखी ते परकं, निमूटपणे उडवेल.

मीडियामंकीसुद्धा हे सगळं करतं, मोठा संग्रह छान सांभाळतं, पण काही सोयी गोल्ड परवान्यामागे आहेत. एका प्लेयरसाठी पैसे मोजावेत असं त्यात काही नाही.

---

दोन_ताल

म्युझिकबी वाईट नाही, पण 'जाता जाता रूपांतर' हीच कल्पना मला पटत नाही. उद्या कार्ड बिघडलं किंवा दुसरा प्लेयर घेतला की १२० जीबी फ्लॅक पुन्हा पहिल्यापासून दळत बसायचं. त्यापेक्षा लॅपटॉपवर किंवा बाहेरच्या डिस्कवर 'कार्डाची प्रत' म्हणून एक फोल्डर कायमचा ठेवा. रूपांतर त्या फोल्डरात करायचं आणि त्या फोल्डराची हुबेहूब नक्कल कार्डावर. दोन कामं, दोन अवजारं.

आधी जागेचा हिशेब. सीडीवरून उतरवलेलं फ्लॅक सरासरी ८५० केबीपीएस धरा, म्हणजे मिनिटाला साधारण ६.४ मेगाबाइट. लेमचं व्ही० (गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारा बिटरेट, म्हणजे व्हीबीआर) सरासरी २४५ च्या आसपास, मिनिटाला १.८ मेगाबाइट. व्ही२ सरासरी १९०, मिनिटाला १.४. तुमचे १२० जीबी व्ही० मध्ये ३५ जीबी होतील. त्यात ६० जीबी एमपीथ्री मिळवले की ९५. १२८ जीबीचं कार्ड विंडोजला ११९ दिसतं, म्हणजे आरामात बसतं. ३२० केबीपीएस हा हट्ट सोडा, मिनिटाला २.४ मेगाबाइट जातात आणि बटणांच्या प्लेयरवर फरक ऐकू येणार नाही. जुन्या तबकड्यांवरून आलेल्या गाण्यांत दोन्ही बाजूंना एकच आवाज असतो, तिथे व्हीबीआर आपणहून खूप खाली उतरतो. ३२० ला मात्र तिथेही तेवढीच जागा लागते.

आता फूबार २००० मध्ये:

१. मूळ पॅकेजबरोबर एन्कोडर येत नाहीत. 'फ्री एन्कोडर पॅक' वेगळा उतरवून बसवा.
२. शोधात कोडेक फ्लॅक एवढीच गाळणी लावा. एमपीथ्री यात येता कामा नयेत, ते 'कार्डाची प्रत' फोल्डरात आहेत तसेच कॉपी करा.
३. सगळं निवडून कन्व्हर्टर उघडा. एमपीथ्री, व्ही०.
४. जागा: 'कार्डाची प्रत' फोल्डर. नावाची मांडणी वर चालढकल यांनी सांगितली तीच.
५. 'फाइल आधीच असेल तर' याला 'स्किप'. पुढच्या वेळी सगळा संग्रह निवडून चालवलं तरी फक्त नवीन गाणी होतात.
६. प्रोसेसिंगमध्ये रीप्लेगेन (गाण्यांच्या आवाजाची पातळी सारखी ठेवणारी नोंद). तुमचा प्लेयर रीप्लेगेन वाचत नसेल तर इथेच आवाज समान करून घ्या. भावगीत संपून तराणा सुरू झाला की कानठळ्या बसतात, ते थांबतं. हे कार्डाच्या प्रतीतच होतं, मूळ फ्लॅकला धक्का लागत नाही. मात्र आधी संग्रहाचं रीप्लेगेन स्कॅन करून ठेवावं लागतं.

स्किपची एक मेख आहे. एखाद्या फ्लॅकचा टॅग नंतर दुरुस्त केलात तर जुना एमपीथ्री तसाच राहतो, आणि गाण्याचं नावच बदललं असेल तर नव्या नावाची दुसरी फाइल तयार होऊन जुनीही शिल्लक राहते. म्हणून दुरुस्ती केलेल्या अल्बमचा फोल्डर प्रतीतून पुसायचा आणि मग कन्व्हर्टर चालवायचा.

९६ किंवा १९२ किलोहर्ट्झचं काही असेल तर रीसॅम्पलर लावून ४४.१ किंवा ४८ वर आणा. एमपीथ्रीत ४८ च्या वर जागाच नाही.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी वेगळं: सीडीवर विलंबित आणि द्रुत दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतात आणि मधे तंबोरा चालूच असतो. एमपीथ्रीच्या सुरुवातीला आणि शेवटी एन्कोडर थोडी शांतता भरतो. किती भरली ते लेम फाइलीच्या माथ्यावर लिहून ठेवतो. प्लेयरने ते वाचलं तर सांधा कळत नाही, नाहीतर तंबोरा दर वेळी उचकी देतो. तुमचा प्लेयर उचकी देत असेल तर सॉफ्टवेअर बदलून फायदा नाही. त्या रागाचे दोन्ही ट्रॅक कन्व्हर्टरमध्ये 'सगळे मिळून एक फाइल' करून टाका, किंवा तेवढे अल्बम फ्लॅकमध्येच पाठवा.

नक्कल करायला फ्रीफाइलसिंक घ्या, मिरर पद्धत. आधी 'कंपेअर' दाबा, किती फाइली पुसल्या जाणार तो आकडा बघा, मगच सिंक. नक्कल कार्डाच्या मुळाशी करू नका, 'म्युझिक' नावाच्या फोल्डरात करा. मिरर म्हणजे डावीकडे नाही ते उजवीकडे ठेवायचं नाही. मुळाशी विंडोजचे आणि प्लेयरचे स्वतःचे फोल्डर असतात. रॉकबॉक्स (प्लेयरच्या मूळ फर्मवेअरऐवजी चालणारं सॉफ्टवेअर) बसवलेल्या प्लेयरच्या मेमरीवर कोणी असं मुळाशी मिरर केलं तर रॉकबॉक्सचा फोल्डरच जातो आणि प्लेयर सुरू होताना बोंबलतो.

---

अक्षरशः

टॅगांचं कोणी बोललं नाही अजून. पेटीवाले, तुमची निम्मी दुखणी टॅगांची आहेत, कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी ती जाणार नाहीत.

प्लेयरच्या पडद्यावर काय दिसतं त्यावरून निदान करा.

प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं लिहितानाच मेली आहेत. एमपीथ्रीच्या शेवटी आयडीथ्री व्ही१ नावाचा १२८ बाइटचा जुना टॅग असतो. नावाला ३० खणांची जागा, तीही रोमन लिपीपुरती. देवनागरी त्यात बसत नाही, म्हणून लिहिणारं सॉफ्टवेअर प्रश्नचिन्हं ठोकतं. प्लेयर नेमका तोच टॅग वाचतो.

चौकोन दिसले तर माहिती शाबूत आहे, प्लेयरकडे देवनागरी फॉन्ट नाही.

अक्षरं दिसतात पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात, तर फॉन्ट आहे पण अक्षरं जुळवण्याची अक्कल प्लेयरच्या फर्मवेअरमध्ये नाही. वाचता येतं, सवय होते.

आणि नावाच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा कचरा दिसला तर तो टॅग श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टात लिहिलेला आहे. तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागेल.

प्रश्नचिन्हांवर उपाय: एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर. ऑप्शन्समध्ये टॅग्ज, त्यात एमपेग. 'राइट'खाली आयडीथ्री व्ही२.३ आणि यूटीएफ-१६. व्ही२.४ आणि यूटीएफ-८ हे नवं असलं तरी जुन्या प्लेयरांना ते कळत नाही, व्ही२.३ बहुतेक सगळ्यांना कळतं. 'रिमूव्ह'खाली फक्त आयडीथ्री व्ही१ वर खूण ठेवा, बाकी सगळ्या खुणा काढा. मग सगळ्या फाइली निवडून आधी टॅग काढायची आज्ञा द्या, आणि नंतर सेव्ह. त्या रिमूव्हच्या रांगेत चुकून व्ही२ वर खूण राहिली तर सगळ्या नावांना मुकाल, म्हणून आधी दहा फाइलींच्या प्रतीवर करून बघा. फ्लॅकला हा रोग होत नाही, त्याचे टॅग मुळातच यूटीएफ-८ मध्ये असतात.

एका नाटकाचे सात अल्बम झाले कारण सात गायक आहेत आणि 'अल्बम आर्टिस्ट' रिकामा आहे. त्यात सगळ्या पदांना एकच मजकूर भरा: नाटकाच्या संगीतकाराचं नाव किंवा 'विविध कलाकार'. गायक 'आर्टिस्ट'मध्येच राहू दे. काही स्वस्त प्लेयर अल्बम आर्टिस्ट वाचतच नाहीत. तिथे टॅगची यादी सोडून फोल्डरमधून वाजवायचं.

देवनागरीचे खास खड्डे:

ट्रॅक नंबर देवनागरी अंकांत लिहू नका. त्या खणात इंग्रजी अंकच लागतात. '०३' देवनागरीत असेल तर प्लेयरच्या दृष्टीने नंबरच नाही, आणि गाणी वर्णक्रमाने वाजतात.

'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला सारखे, संगणकाला वेगळे. 'अ'वरच्या चंद्राचंही तसंच, एकसंध 'ॲ' वेगळा आणि तुकडे जोडून केलेला वेगळा. एकच अल्बम यादीत दोनदा दिसत असेल आणि स्पेलिंग तंतोतंत सारखं वाटत असेल तर एकावरून कॉपी करून दुसऱ्यावर डकवा, मिटेल.

'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' हे प्लेयरसाठी तीन गवई आहेत. आदर मनात ठेवा, टॅगमध्ये एकच रूप.

छोट्या प्लेयरांत कलाकार, अल्बम, गाणं आणि प्रकार एवढ्याच याद्या असतात. शास्त्रीयच्या 'जॉनर'मध्ये 'शास्त्रीय' लिहून काय मिळतं? तिथे रागाचं नाव भरा. प्रकाराची यादी उघडली की यमन एकीकडे, मारवा एकीकडे.

प्लेलिस्ट रिकामी का, तेही सांगतो. साध्या एमथ्रीयूमध्ये फाइलींची नावं विंडोजच्या रोमन कोडपेजमध्ये लिहिली जातात, देवनागरी नावांची पुन्हा प्रश्नचिन्हं होतात, आणि त्या नावाची फाइल कार्डावर नसतेच. एमथ्रीयू८ म्हणजे तीच यादी यूटीएफ-८ मध्ये. एवढं करूनही रिकामी आली तर ती नोटपॅडमध्ये उघडा. ओळ लॅपटॉपच्या ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होत असेल तर प्लेयरला तो पत्ता कसा सापडणार? पत्ता प्लेलिस्टच्या जागेपासून मोजलेला हवा. प्लेलिस्ट 'म्युझिक' फोल्डरातच ठेवली तर ओळ थेट कलाकाराच्या फोल्डरपासून सुरू होते, भानगड कमी.

मुखपृष्ठांची चित्रं: ५०० बाय ५०० पुरे, साधा बेसलाइन जेपीजी. प्रोग्रेसिव्ह जेपीजी पुष्कळ प्लेयर दाखवत नाहीत, आणि ३००० बाय ३००० चं चित्र प्रत्येक गाण्यात चिकटवलं की गाणं बदलताना प्लेयर अडखळतो.

---

पेंग्विनपंत

लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी. स्ट्रॉबेरी डिव्हाइसवर कॉपी करताना रूपांतर करतं. आज्ञा टंकायला हरकत नसेल तर बीट्सचं 'कन्व्हर्ट' प्लगइन जास्त नीट, लॉसी (एमपीथ्रीसारख्या, दर्जा घटवून लहान केलेल्या) फाइली पुन्हा एन्कोड करू नको असं त्याला सांगता येतं. नकलेला आरसिंक.

दोन अडचणी. लिनक्सवर फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखा कोलन चालतो, कार्डाच्या फॅट फॉरमॅटवर नाही. 'कुणी गं बाई?' असल्या नावाशी कॉपी थांबते. दुसरी, लिनक्सच्या एक्स्ट४ फॉरमॅटवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. फॅटवर २५५ चिन्हं चालतात. त्यामुळे विंडोजवर केलेलं लांबलचक नाव लिनक्सवर उतरत नाही, उलट दिशेला उतरतं.

प्लेयरला देवनागरी येतच नसेल तर कार्डाच्या प्रतीतले टॅग यूकॉन्व्ह या आज्ञेने रोमनमध्ये बदलता येतात. मात्र ते 'भजन'च्या शेवटी एक जादा रोमन 'a' चिकटवतं, संस्कृत समजून. मूळ संग्रहावर चालवू नका.

---

नवशिका_७

हेच सगळं जुन्या आयपॉड क्लासिकला चालेल का?

---

खटपट्या

नाही. आयपॉड डिस्क म्हणून दिसला तरी त्यात फाइल ओढून टाकलेली वाजत नाही. गाणी एका लपवलेल्या फोल्डरात चार अक्षरी निरर्थक नावांनी असतात आणि यादी वेगळ्या डेटाबेस फाइलीत. डेटाबेसमध्ये नोंद नाही तर गाणं नाही. क्लासिकच्या डेटाबेसवर सहीसुद्धा लागते, म्हणून येईल त्या सॉफ्टवेअरला ते जमत नाही. आयट्यून्स, मॅकवर फाइंडर, किंवा फूबारचं आयपॉड मॅनेजर. फ्लॅक तो वाजवत नाही. आयट्यून्समध्ये जास्त बिटरेटची गाणी १२८, १९२ किंवा २५६ च्या एएसीत बदलून पाठवायचा पर्याय आहे. आणि 'मॅन्युअली मॅनेज'वर खूण करा, नाहीतर दुसऱ्या संगणकाला लावल्यावर 'पुसून सिंक करू का' विचारतो आणि लोक घाईत हो म्हणतात.

रॉकबॉक्स बसवलंत तर ही सगळी भानगड संपते, फोल्डर ओढून टाकता येतात, फ्लॅकही वाजतं. मॅकवर फॉरमॅट केलेला असेल तर आधी विंडोजवर रिस्टोर करून फॅट३२ करा, त्याशिवाय रॉकबॉक्स बसत नाही.

---

चालढकल

पेटीवाले, १२८ चं कार्ड घेणार असाल तर भरायच्या आधी एचटू-टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने तपासा. बाजारात ३२ जीबीचं कार्ड १२८ म्हणून सांगणारा माल भरपूर आहे. कॉपी बिनतक्रार होते, ३२ नंतरची गाणी वाजत नाहीत. सेकंदाला २० मेगाबाइटने पूर्ण लिहायला पावणेदोन तास, वर वाचायचा वेळ. एकदाच करायचंय.

फॉरमॅटही बघा. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात. प्लेयरच्या माहितीपत्रकात '३२ जीबीपर्यंत' लिहिलं असेल तर बऱ्याचदा अर्थ एवढाच की त्याला एक्सफॅट येत नाही. फॅट३२ करून दिलं की मोठं कार्डही पुष्कळदा चालतं. विंडोजची फॉरमॅटची खिडकी ३२ च्या वर फॅट३२ देत नाही, रूफस हे सॉफ्टवेअर देतं.

---

पेटीवाला

आभार. यूएसबी मोड प्लेयरमध्ये नव्हताच, म्हणून कार्ड रीडरमध्ये. एक्सफॅट चाललं नाही, फॅट३२ वर चाललं. व्ही१ टॅग उडवल्यावर प्रश्नचिन्हं गेली, वेलांट्या मात्र मागे पडतायत. फूबारने प्रत केली, ९१ जीबी भरली.

दोन शंका. एक, फ्रीफाइलसिंकऐवजी विंडोजमधलंच रोबोकॉपी वापरून पाहिलं, स्लॅश एमआयआर (मिरर) देऊन. पहिल्यांदा छान. दुसऱ्यांदा चालवलं तर काहीही बदललेलं नसताना सगळ्याच फाइली पुन्हा निघाल्या. दोन, फोल्डरमधून वाजवताना गाणी नंबरप्रमाणे लागत नाहीत, नावात ०१, ०२ असूनही.

---

दोन_ताल

पहिलं: फॅटवर फाइलीची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात लिहिली जाते, लॅपटॉपवरच्या एनटीएफएसवर सेकंदाच्या बारीक अंशापर्यंत. १०:०५:१३ ची फाइल कार्डावर १०:०५:१४ ची होते. रोबोकॉपीला वाटतं वेळ वेगळी म्हणजे फाइल वेगळी. स्लॅश एफएफटी जोडा, दोन सेकंदांचा फरक माफ करतं. फ्रीफाइलसिंक हे न सांगता करतं, म्हणून ते सुचवलं होतं. आणि रोबोकॉपी चालवणारच असाल तर आधी स्लॅश एल लावून एक फेरी, तेव्हा नुसती यादी येते, पुसत काही नाही.

दुसरं: तुमचा प्लेयर नावं बघत नाही, फॅटच्या यादीत फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतो. गाडीतले स्टिरिओही पुष्कळदा असेच. नंतर घातलेलं ०३ नंबरचं गाणं शेवटी लागतं. विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट, लिनक्स-मॅकवर फॅटसॉर्ट. ते फाइलींना हात लावत नाहीत, फक्त यादी वर्णक्रमाने पुन्हा लिहितात. फॅटसॉर्टच्या आधी कार्ड अनमाउंट करा. दर नकलेनंतर एकदा चालवायचं, आणि मधे कार्ड उपटायचं नाही.

---

न्यूजर्सीकर

रोबोकॉपीवरून आठवलं, भारताबाहेरच्यांसाठी. फॅट३२ वर वेळ स्थानिक घड्याळाची लिहिली जाते. इथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं पुढे-मागे होतात, आणि दुसऱ्या दिवशी कार्डावरची प्रत्येक फाइल नेमकी एक तासाने चुकलेली दिसते. एफएफटी तिथे पुरत नाही, स्लॅश डीएसटीही लागतं. फ्रीफाइलसिंकमध्ये 'टाइम शिफ्ट'च्या खणात एक तास भरा.

मॅकवरून भरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. कार्डावर प्रत्येक गाण्याशेजारी ठिपका आणि अंडरस्कोरने सुरू होणारी चिमुकली फाइल तयार होते. मॅकला ती दिसत नाही, प्लेयरला दिसते, आणि दर दुसरं गाणं 'फाइल वाचता येत नाही' असं येतं. टर्मिनलमध्ये डॉटक्लीन, एम पर्यायासह, कार्डाच्या फोल्डरावर चालवा आणि लगेच इजेक्ट करा. फाइंडरमध्ये कार्ड पुन्हा हाताळलंत तर त्यातल्या काही परत येतात.